नवरीशिवाय लग्न

जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमाच्या 'गिशिकी' (१९७१) या चित्रपटात ऐन लग्नाच्या दिवशी नवरी येतच नाही. पाहुणे जमलेत, मोठ्या घराण्याची अब्रू पणाला लागलीय, म्हणून आजोबांच्या हुकमावरून नातू मासुओ रिकाम्या जागेशेजारी उभा राहतो आणि सगळे विधी यथासांग पार पडतात. कोणी हसत नाही. घरातल्या बायकांवर मालकी गाजवणारा हाच आजोबा परंपरेचा राखणदार म्हणून मिरवतो. शरीराला घाबरणारी परंपरा माणसाशिवाय मजेत चालते, हे इतक्या धीटपणे क्वचितच कोणी दाखवलं असेल.

पुढे १९७६ साली ओशिमाने 'आई नो कोरीदा' केला. तोक्योत १९३६ साली सादा आबेने प्रियकराचा गळा आवळून त्याचं लिंग कापून नेलं, त्या खऱ्या घटनेवर. त्यात कामक्रीडा आहे, उघडीनागडी आहे. पण आम्हाला अस्वस्थ करतो तो रस्त्यावरचा प्रसंग: सैनिकांची रांग चाललीय, बायका झेंडे हलवताहेत आणि सादाचा प्रियकर किचिझो भिंतीलगत उलट्या दिशेने निघालाय. वर्षभरात जपान चीनवर तुटून पडणार होता. देशासाठी मरायला निघालेल्यांच्या गर्दीत फक्त सुखासाठी जगणारा माणूस. राज्यकर्त्यांना याहून अश्लील काय वाटणार?

चित्रीकरण क्योतोत झालं, पण कायद्याच्या धाकाने फिल्म धुवायला फ्रान्सला पाठवावी लागली. जपानमध्ये खटला भरला गेला तो पटकथा आणि छायाचित्रांच्या पुस्तकावर. १९७९ साली ओशिमा निर्दोष सुटला, १९८२ साली वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं.

छापील कागदाची ही धास्ती दिवाळी अंकांना नवी नाही. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली त्यांना निर्दोष ठरवलं. अंक घरातले सगळे वाचतात, म्हणून जपून छापा, असा सल्ला आजही मिळतो. यंदा आम्ही तो मानलेला नाही. स्त्रीपुरुषांच्या वासनेबद्दल सरळ बोलणाऱ्या कथा पूर्ण छापल्या आहेत.

ओशिमाबद्दल आमच्या मनात आदर आहे, पण एक सल उरतेच. नायक तात्सुया फुजीला दोन वर्षांत ओशिमाच्याच पुढच्या चित्रपटात प्रमुख भूमिका मिळाली. सादा साकारणारी एको मात्सुदा मात्र मायदेशात इतकी निंदा झेलत राहिली की तिला जपान सोडून युरोपात जावं लागलं.