साखळी तोडायची, पण कशी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात आमच्या वस्तीला लागून गाळ्यांची रांग आहे. त्यातला एक गाळा बंद पडून महिना झाला होता. यंत्रे हलवली, कामगारांना हिशेब देऊन घरी पाठवले. मागे राहिला तो राखणीचा कुत्रा. फाटकाच्या आत हातभर साखळीला बांधलेला, डोक्यावर पत्रा नाही. मालकाचा माणूस दोन-तीन दिवसांतून एकदा येऊन शिळेपाके टाकून जायचा. वस्तीतल्या पोरांना ते बघवेना. एका रात्री तिघे-चौघे कटर घेऊन माझ्या दारात आले. "काका, उडी मारून साखळी कापतो आणि घेऊन येतो. तुम्ही फक्त दोन दिवस त्याला अंगणात ठेवा."

मी त्यांना थांबवले. काका घाबरले, असे त्यांना वाटले असेल. होय, मी घाबरलो होतो. कुत्रा मालकाचा, फाटक मालकाचे आणि पकडली जाणार ती पोरे आपली! सकाळी त्याच गाळ्यातली तांब्याची वायरही गेली, अशी तक्रार झाली असती तर नाव कुणाचे लागले असते, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. संशयाची सुई आधी वस्तीकडेच वळते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. पाळीव जनावर ही कायद्याच्या नजरेत जंगम मालमत्ता. इंग्रजांनी १८६० साली दंड संहिता केली, तेव्हा चोरीच्या कलमाखाली कुत्र्याचेच एक उदाहरण दिले. खिशात आमिष ठेवून लबाडीच्या हेतूने दुसऱ्याचा कुत्रा आपल्यामागे यायला लावला, तर तो मागे चालू लागताच चोरी पूर्ण झाली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते उदाहरण कायम आहे. चोरीला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आमच्या पोरांचा हेतू लबाडीचा नव्हता, हे खरे. पण ते सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. रोजंदारी बुडवून तारखा कोण भरणार?

आता दुसरी बाजू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. आखूड साखळीला तासन्‌तास बांधणे, पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे, जनावर वाऱ्यावर सोडणे हे सारे त्याच्या ११ व्या कलमात गुन्हे ठरवले आहेत. शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड! त्यातही उपासमारीचा हा गुन्हा अदखलपात्र; म्हणजे पोलिसांनी नोंद करून दंडाधिकाऱ्याकडे बोट दाखवायचे. उपाशी मारणाऱ्याला पन्नास रुपये आणि सोडवणाऱ्याच्या मानेवर तीन वर्षांची टांगती तलवार. हा न्याय म्हणायचा काय?

म्हणून काही प्राणिमित्र म्हणतात, कायदा नालायक आहे तर तो गुंडाळून ठेवा, जनावर उचला आणि चांगल्या घरी द्या. त्यांची तळमळ खोटी नाही. मालकी म्हणजे वाटेल ते करण्याचा परवाना, हे आपल्याला तर कधीच मान्य होणार नाही. माणसालाच मालमत्ता समजणाऱ्या व्यवस्थेचे चटके आपल्या पूर्वजांनी सोसले आहेत. पण उचलण्याचा अधिकार कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी दर कुत्र्यामागे आठ आणे लावले. पकडणारे मग लोकांच्या घरातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले आणि शहरात दंगल उसळली. अलीकडचे पाहा. २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना स्वयंघोषित रक्षकांनी उघडे करून झोडपले. तेही जनावरांचे कैवारी म्हणूनच आले होते! मन सांगेल तेव्हा दुसऱ्याच्या दावणीला हात घालायची मुभा एकदा दिली, की ती फक्त दयाळू माणसांपुरती राहत नाही.

आणि हेळसांड झाली हे ठरवणार कोण? विरारच्या टॉवरमधल्या बाईंना पाड्यावरच्या आदिवासीचा बरगड्या दिसणारा कुत्रा हेळसांड झालेला वाटतो. पण त्या घरात माणसांच्याही बरगड्या दिसतात, आणि तो कुत्रा मालकाच्या ताटातल्या भाकरीचा वाटेकरी असतो. उलट, मालक परदेशी फिरायला गेला म्हणून बाराव्या मजल्याच्या गॅलरीत कोंडलेला महागडा कुत्रा कुणी उचलून नेत नाही, कारण खाली वॉचमन उभा असतो. विनापरवानगी उचलणे सोपे जाते ते गरिबाच्या दारातून. मनुस्मृतीने चांडाळांची संपत्ती म्हणून कुत्री आणि गाढवे तेवढी ठेवली. गरिबाकडे आजही शेळी, कोंबडी, कुत्रा एवढीच जंगम मालमत्ता असते. तिला संविधानाच्या ३००-अ कलमाचे संरक्षण आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही. ते संरक्षण आपणच सैल करायचे काय?

मग मुक्या जिवाने मरायचे काय? मुळीच नाही. याच संविधानाच्या ५१-अ कलमाने सर्व सजीवांविषयी करुणा बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. १९६० च्या त्याच कायद्याचे ३४ वे कलम सांगते, की शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला गुन्हा घडतो आहे असे सकारण वाटले, तर तो जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी नेऊ शकतो. २९ व्या कलमाने दोषी मालकाची मालकीच काढून घेण्याचा अधिकार कोर्टाला दिला आहे. म्हणजे वाट आहे; त्या वाटेने चालणारे कमी आहेत.

आम्ही त्या वाटेने गेलो. पोरांनी फाटकाखालून पाण्याचा डबा सरकवला, भाकरी टाकली, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढले. सकाळी पाच जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. "इथे माणसांच्या तक्रारी निपटेनात," असे उत्तर मिळाले. आम्ही कलम दाखवले आणि पोच मिळेपर्यंत हललो नाही. अखेर फौजदारांनी मालकाला फोन लावला. चौथ्या दिवशी मालक आला, 'मला कुत्रा नको' असे लिहून दिले आणि साखळी स्वतःच्या हाताने सोडली. ते चार दिवस कुत्रा पावसात भिजत होता, हे मी विसरलेलो नाही. पण आज तो उजळ माथ्याने वस्तीत फिरतो आणि पोरेही.

जीवच जात असेल, तर मात्र चार दिवस थांबता येत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तशी वेळ आली आणि साखळीला बांधलेले जनावर बुडताना दिसले, तर साखळी कापाच. मोठी हानी टाळण्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृत्याला न्याय संहितेचे १९ वे कलम संरक्षण देते. पण मग ताबडतोब पोलिसांना कळवा, जनावर लपवू नका, विकू नका. बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी रात्री चोरून प्यायला सांगितले नव्हते. जिथे जनावरांना मज्जाव नव्हता आणि माणसांना होता, त्या तळ्यावर ते दिवसाढवळ्या हजारोंना घेऊन गेले. हक्काची लढाई उघड्यावर लढायची असते.

आता शासनाला विचारायचे ते असे. पन्नास रुपयांचा दंड वाढवून हेळसांड हा दखलपात्र गुन्हा करा. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असली पाहिजे. पालघर जिल्ह्यातल्या साध्या माणसाला तिचे दार सापडेल, अशी व्यवस्था करा. वसई-विरार महापालिकेने जप्त जनावरांसाठी निवारा द्यावा आणि गरीब मालकाला दंडाऐवजी लस व औषधे द्यावीत.

सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली आपल्याच भुईगावात सापडला. दास-नोकरांशी नीट वागणे आणि प्राणिमात्रांविषयी संयम, या दोन्ही गोष्टी त्या लेखात धम्माचा आचार म्हणून शेजारी-शेजारी सांगितल्या आहेत. त्या गाळ्याच्या मालकाने कुत्र्याला उपाशी ठेवले, तसा कामगारांचा शेवटचा पगारही बुडवला होता. कुत्रा सुटला. पगाराचा अर्ज आता आम्ही लिहायला घेतला आहे.