हायड्रोजनची वाट बघताना

आमच्या बाबांची जुनी पेट्रोल गाडी गेली दोन वर्षं 'आता विकायचीच' या अवस्थेत आहे. इलेक्ट्रिक घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं. "थांब रे, हायड्रोजनची येतेय. पाण्यावर चालणारी." मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटाच्या मिराईतून संसदेत गेले होते, तो व्हिडिओ त्यांनी मला निदान चार वेळा फॉरवर्ड केलाय.

गाडी पाण्यावर चालत नाही, गाडीतून पाणी बाहेर पडतं, हे सांगून झालं. पण खरी गोम वेगळीच आहे. हायड्रोजन कोळशासारखा खणून काढला जात नाही (जमिनीत थोडाफार सापडतो, पण जगाचं काम त्यावर चालत नाही). तो बनवावा लागतो, म्हणजे आधी दुसरीकडून ऊर्जा आणा. आज जगात वर्षाला साडेनऊ कोटी टनांच्या वर हायड्रोजन वापरला जातो आणि त्यातला बहुतांश नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून बनतो. वायूपासून एक किलो बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. थोडक्यात काय, धूर गाडीतून नाही, कारखान्यातून!

"मग सोलरवर बनवू." बनवू की! एका किलोला साधारण ५०-५५ युनिट वीज लागते, वर तो टाकीत ७०० बारला दाबायला आणखी थोडी. त्या एका किलोवर मिराई जाते साधारण १०० किलोमीटर. तेवढीच वीज बॅटरीत भरली तर साधी इलेक्ट्रिक कार तीनशेच्या पुढे जाते. माझ्यापुरता वाद इथेच मिटला. कॅलिफोर्नियातले कारसाठीचे हायड्रोजन पंप शेलनेही २०२४ मध्ये बंद केले.

म्हणजे हायड्रोजन भंपक? अजिबात नाही. आपल्या अलिबागजवळच्या थळला आरसीएफचा खत कारखाना आहे. तिथे अमोनिया बनवायचा तर हायड्रोजन लागणारच, बॅटरी काय कामाची? आज तो नैसर्गिक वायूतून काढतात, आणि आपल्या देशाला लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा बाहेरून येतो. पोलादाचंही तसंच, लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कोळशाऐवजी हायड्रोजन चालतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. माझं म्हणणं एवढंच, की हा महागाचा माल आधी खत आणि पोलादाकडे जाऊ दे. कारच्या टाकीत कशाला?

अर्थात तिथेही मेख आहेच. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो आज त्याच नैसर्गिक वायूतून आयता मिळतो. वायू बंद केला तर तो कुठून आणायचा?

हे सगळं बाबांना ऐकवलं. गावाकडे आमची अडीच एकर आहे, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे युरिया महागणार?"

म्हटलं, गोणीचा भाव सरकार ठरवतं. खर्च वाढला तर अनुदान वाढेल, म्हणजे तुमच्या-माझ्या टॅक्समधूनच.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवारी ती इलेक्ट्रिक बघून येऊ. नुसती बघायला हं."