मंगळावरच्या क्षारामुळे जुना निष्कर्ष संशयात

मंगळाच्या उत्तर ध्रुवीय मैदानात २५ मे २००८ रोजी उतरलेल्या 'नासा'च्या 'फिनिक्स' यानाची चर्चा झाली ती बर्फामुळे. यांत्रिक हाताने खणलेल्या चरातील पांढरे खडे चार दिवसांत नाहीसे झाले. मीठ असते तर ते जागीच राहिले असते. बर्फाची मात्र तेथील विरळ हवेत थेट वाफ होते. जुलैअखेर यानातील भट्टीत माती तापवल्यावर पाण्यावर शिक्कामोर्तब झाले.

शास्त्रज्ञांना खरा धक्का दिला तो परक्लोरेटने. मातीत पाणी मिसळून केलेल्या चाचणीत हा क्षार सुमारे अर्धा टक्का आढळला. एरवी निरुपद्रवी वाटणारा हा क्षार तापला की प्राणवायू सोडतो आणि सेंद्रिय द्रव्ये जाळून टाकतो. अग्निबाणांच्या इंधनात तो वापरतात, तो याच गुणामुळे.

नेमकी येथेच १९७६ च्या 'व्हायकिंग' मोहिमेची आठवण होते. त्या यानांनी माती तापवूनच सेंद्रिय द्रव्यांचा शोध घेतला होता. हाती लागलेली थोडी क्लोरीनयुक्त संयुगे पृथ्वीवरील सफाईच्या द्रावणांतून आली, असे मानले गेले आणि मंगळाची माती कोरी ठरली. चिलीतील अटाकामा वाळवंटाची माती परक्लोरेट मिसळून तापवली असता तशीच संयुगे निघाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुरावा शोधणाऱ्या भट्टीनेच तो जाळला असावा!

यातून जीवसृष्टी सिद्ध होत नाही. सेंद्रिय द्रव्ये उल्कांबरोबरही येतात. तरीही 'क्युरिऑसिटी'ला गेल विवरात अशी संयुगे सापडल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा 'व्हायकिंग'चा तो कोरेपणा टिकला नाही.