मजुराच्या हाती खोटी नोट देऊ नका



या अंकासाठी खोडव्यातील पाचट कुजविण्यावर लिहावयाचे मी कबूल केले होते. तो विषय पुढच्या वेळी घेऊ. मध्यंतरी एक प्रसंग घडला आणि तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

वडशाला बँकेच्या दारात एक बाई उभी होती. लागणीच्या दिवसांत बेणे तोडायला येणाऱ्यांपैकीच, तोंडओळखीची. हातात एक कागद धरून म्हणाली, "साहेब, ब्यांकवाल्यानं पाचशेची नोट ठेवून घेतली जी, अन् हा कागद देला. याचे पैसे कवा भेटतीन?" मी कागद वाचला. नोट नकली म्हणून जप्त केल्याची ती पोच होती. त्याचे पैसे कधीच मिळत नसतात, हे सांगण्याचे काम माझ्या वाट्याला आले. ती नोट तिला मजुरीत मिळालेली. ज्यांनी दिली त्यांना मी जाऊन भेटलो. नाव येथे लिहीत नाही, ते हा अंक वाचतीलच. त्यांचे उत्तर असे, "मलाही ती अशीच आली. दुकानदार घेईना, मग मजुरीत लावून दिली. मी काय घरी छापली?"

मला राग आला तो या उत्तराचा. नोट खोटी आहे हे दुकानदाराने ओळखले, आपल्या सभासदाने ओळखले. ज्या बाईला ती ओळखता येणार नव्हती तिच्याच गळ्यात ती पडली. खोटी नोट नेहमी अशीच खाली खाली सरकत जाते आणि ज्याला दुसऱ्याला देता येत नाही त्याच्यापाशी थांबते. उसाचे बिल आपल्या खात्यात जमा होते, त्यात ही भीती नाही. पण तोडणी, खुरपणी, धानाची रोवणी, बैलगाडीचे भाडे, हा सगळा व्यवहार अजून बराचसा रोखीचा आहे, आणि तो आपल्या हातून होतो. म्हणून नोट पारखण्याची जबाबदारी पहिल्यांदा आपली.

ती काही अवघड विद्या नव्हे. को ८६०३२ आणि फुले २६५ यांतला फरक तुम्ही बांधावरून सांगता. तो काय पुस्तक वाचून? कांडे, डोळा, पान रोज पाहून नजर बसलेली असते. नोटेचेही तसेच आहे. खोटी कशी असते ते शिकत बसू नका, तिची सोंगे हजार. खरी नोट एकदा निवांत बसून नीट पाहून घ्या.

२००० ची नोट मे २०२३ मध्ये मागे घेण्यास सुरुवात झाल्यापासून रोजच्या व्यवहारात ५०० ची नोट हीच मोठी, तेव्हा तीच घेऊ. प्रथम डोळे मिटून बोट फिरवा. गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ, उजवीकडचे वर्तुळ आणि दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरप्या रेघा बोटाला खरखरीत लागतात. ही सोय अंध बांधवांसाठी केलेली आहे, पण अंधारात ती आपल्यालाही उपयोगी. कागद कापसाचा असतो, त्याला एक कडकपणा असतो. साधा कागद हाताला मऊ आणि गुळगुळीत लागतो. मग नोट तिरपी करा. मधली तार हिरवी असते ती निळी दिसू लागते, आणि खाली उजवीकडचा ५०० चा आकडाही तसाच रंग बदलतो. नुसत्या छापील रंगाला हे जमत नाही. शेवटी नोट उजेडाकडे धरा. उजव्या कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० चा आकडा कागदाच्या पोटातून उमटलेला दिसला पाहिजे, आणि समोरून तुटक दिसणारी तार सलग एक रेघ दिसली पाहिजे. नंबराचे आकडे डावीकडून उजवीकडे लहानाचे मोठे होत जातात, तेही पाहावे. एकाच खुणेवर निकाल देऊ नये. जुनी, घामाने भिजलेली खरी नोट खरखरीतपणा गमावते, पण तार आणि आतला चेहरा गमावत नाही.

थुंकी लावून घासण्याची परीक्षा मात्र सोडा. खऱ्या नोटेचाही रंग थोडा उतरतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या नोटांबद्दल तशी ओरड झाली तेव्हा त्यावेळचे अर्थखात्याचे सचिव शक्तिकांत दास यांनीच हे सांगितले होते.

फसवणारा वेळ पाहून येतो. दिवाळीनंतरच्या मंडया, शंकरपट, आणि आपल्या झाडीपट्टीची नाटके! वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात, रात्री तिकिटासाठी झुंबड उडते, एका मिणमिणत्या दिव्याखाली नोटा मोजल्या जातात. अशा ठिकाणी मोठी नोट देऊन लहान वस्तू घेणाऱ्यावर आणि मोड देण्याची घाई करणाऱ्यावर लक्ष असावे. मजुरांचा चुकारा तर शक्यतो दिवसाउजेडी करावा, एवढे आपल्या हाती आहे.

आता दुसरी बाजू. खोट्याच्या भीतीने खरे पैसे नाकारण्याची खोडही आपल्याकडे आहे. हिरवी तार गांधीजींच्या जवळ असली तर नोट खोटी, असा एक निरोप मोबाईलवर फिरतो; तो साफ खोटा आहे. नंबरात चांदणी असलेली नोट खोटी, हाही तसाच. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी जी नोट भरतात तिच्या नंबरात चांदणी असते, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये केलेला आहे. आणि १० रुपयांचे नाणे! त्याच्या १४ प्रकारच्या छापा असून सर्व चालतात, हे त्याच बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले, तरी दुकानदार म्हणतो, "आमच्याकडे चालत नाही." म्हातारी बिचारी नाणे घेऊन परत जाते. हीसुद्धा एक प्रकारची लूटच म्हणायची.

नोट खोटी निघालीच तर काय करावे? बँकेत न्यावी. बँक तिच्यावर शिक्का मारून ठेवून घेते, पैसे देत नाही, पण पोच देते. ती मागून घ्यावी. एका वेळी चारपर्यंत अशा नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक असल्यास गुन्हा नोंदला जातो. अजाणता नोट हाती आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, मात्र कोणाकडून आली ते खरे सांगावे. परंतु खोटी आहे हे जाणून ती चालविणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ मध्ये त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. "मी काय घरी छापली?" हे उत्तर तेथे चालत नाही.

पाचशे रुपयांचे नुकसान सोसणे सोपे नाही, हे मी जाणतो. मीही शेतकऱ्याच्या घरचाच. पण ते आपण सोसायचे की रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बाईने, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला तरी फार विचार करावा लागत नाही.

त्या सभासदांनी तिसऱ्या दिवशी बाईला दुसरी नोट दिली. तिने ती तिथेच उजेडाकडे धरून पाहिली आणि मग पदराला बांधली. पाचटाचा लेख पुढील अंकी.

— ऊस विकास अधिकारी