काढलेल्या गाठीचं पुढं काय होतं?

आमच्या विश्रामबागेत शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी थांबलेल्या आयांत दातांचा विषय हमखास निघतो. कुणाचा पडला, कुणाचा किडला. पण मुलीच्या हिरडीवर गाठ आलेली असेल, तर ती आई आवाज खाली आणते. मनात कॅन्सर आणि तोंडी ‘उष्णता झालीय हो!’

मैत्रिणींनो, मुलांच्या हिरडीवरच्या बहुतेक गाठी साध्याच असतात. नवा दात येताना वर निळसर फुगा दिसतो, तो दात बाहेर आला की बहुधा आपोआप जिरतो. किडलेल्या दाताजवळची पुळी मात्र वेगळी. ती फुटते, दुखायचं थांबतं आणि घरातले म्हणतात, ‘दुधाचाच दात, पडणारच आहे.’ मला हे मुळीच पटत नाही. मुळाशी पू राहतोच आणि खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही त्याची झळ बसू शकते. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, दातावरच इलाज हवा.

तिसरी गाठ लालभडक, मऊ, ब्रश लागला की रक्त येणारी. दातांवरचं कीटण किंवा टोचणारी कड हे तिचं नेहमीचं कारण. तिला सुईनं फोडणं, दोरा बांधणं असले प्रकार नकोत. हिरडी बधिर करून ती मुळापासून काढतात, कीटणही साफ करतात. नाहीतर पुन्हा उगवते. फिट्सवरच्या फेनिटॉइननं हिरड्या वाढतात, म्हणून चालू औषधं डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका, बाई!

माझा खरा आग्रह पुढचा आहे. काढलेली गाठ कचऱ्यात जाता कामा नये. वरून सारख्या दिसणाऱ्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या निघतात. काही परत परत येणाऱ्या, क्वचित एखादी गंभीरही. दवाखान्यात बोलतात वडील, आणि गाठ कधीपासून आहे हे ठाऊक असतं रोज दात घासून देणाऱ्या आईला. तेव्हा ‘तुकडा तपासायला पाठवणार ना?’ हे तिनंच विचारावं, रिपोर्टही मागून घ्यावा.

आपल्याकडे सोय नाही असंही नाही. मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय. गाठ दिसली ती तारीख कॅलेंडरवर लिहा. दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा. भराभर वाढली, ताप आला, तोंड सुजलं किंवा शेजारचा दात हलू लागला, तर तेवढंही थांबू नका.