बुधिया कधी बोलणार?

१ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत मिकी माऊस मोकळा झाला. म्हणजे 'स्टीमबोट विली' या १९२८ सालच्या छोट्या बोलपटातील काळापांढरा मिकी डिस्ने कंपनीच्या कॉपीराइटमधून सुटला. आता तेथे कोणीही त्याला घेऊन चित्रपट काढावा. परवानगी नको की एक डॉलर देणे नको. मग पहिल्याच दिवशी काय झाले? मिकीचा मुखवटा चढवलेल्या खुन्याच्या भयपटाची झलक झळकली! त्याआधी २०२२ मध्ये 'विनी द पू' हे मुलांचे लाडके अस्वल मोकळे झाले आणि २०२३ मध्ये तेही पडद्यावर माणसे मारू लागले. २०२५ मध्ये पॉपायचीही तीच गत झाली. तेथील इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था मात्र मोकळ्या झालेल्या जुन्या साहित्यातून दोन-तीन मिनिटांचे लघुपट करण्याची स्पर्धा दरवर्षी घेते. त्यात विद्यार्थी आणि हौशी मंडळी कल्पकतेने कामे करतात. पण बाजारात गाजतो तो रक्तपातच.

आपल्यातील एखादा म्हणेल, मिकी सुटला काय आणि बांधलेला राहिला काय, आपले काय जाते? हा प्रश्न इतक्या सहज सोडून देता येणार नाही.

लेखकाला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु कॉपीराइट हा मुदतीचा हक्क आहे. मुदत संपली की कृती सर्वांची होते. डिस्ने कंपनीने हिमगौरी घेतली ती ग्रिमबंधूंच्या लोककथांतून. सिंड्रेला, पिनोकिओ हेही आयतेच मिळाले. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरून मोठ्या झालेल्या या कंपनीने आपल्या विहिरीला मात्र कुलूप ठोकले. तिच्यासह बड्या कंपन्यांच्या आग्रहामुळे १९९८ मध्ये अमेरिकेने कॉपीराइटची मुदत वीस वर्षांनी वाढवली. म्हणून २००४ मध्ये सुटणारा मिकी २०२४ मध्ये सुटला. आपल्याकडेही असेच घडले. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये वारले. त्यांचे साहित्य १९९१ अखेर सर्वांचे व्हायचे होते. तेवढ्यात सरकारने पन्नास वर्षांची मुदत साठ केली आणि विश्वभारतीकडील हक्क आणखी दहा वर्षे टिकले.

या कुलपाचा जाच सर्वांत जास्त कोणाला होतो? ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले, पण ज्यांना स्वतः बोलू दिले नाही, त्यांना. याचे बोलके उदाहरण अमेरिकेतच आहे. 'गॉन विथ द विंड' ही १९३६ सालची कादंबरी गोऱ्या मळेवाल्यांचे वैभव गाते. तिच्यातील काळे गुलाम मालकावर जीव टाकतात. अॅलिस रँडल या कृष्णवर्णीय लेखिकेने तीच कथा गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या मुलीच्या तोंडून सांगितली. तेव्हा मूळ लेखिकेच्या वारसाहक्काच्या विश्वस्तांनी तिला कोर्टात खेचले. २००१ मध्ये खालच्या कोर्टाने प्रकाशनावर बंदी घातली. वरच्या कोर्टाने ती महिनाभरात उठवली. पुढे तडजोड झाली. परंतु गुलामांच्या लेकीला स्वतःची बाजू मांडण्यासाठी मालकांच्या कथेच्या वारसांशी झगडावे लागले, ही गोष्ट विसरता येत नाही.

आता आपल्या देशाकडे पाहू. येथे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे प्रकाशित साहित्य मोकळे होते. प्रेमचंद १९३६ मध्ये वारले. त्यांच्या कथा केव्हाच सर्वांच्या झाल्या आहेत. त्यातील 'कफन' आठवा. घिसू आणि माधव हे चांभार बाप-लेक झोपडीबाहेर बटाटे भाजून खात बसतात आणि आत माधवची बायको बुधिया बाळंतवेणांत तडफडून मरते. कफनासाठी मिळालेले पैसे दोघे दारूत उडवतात. दलितांना असे आळशी आणि निर्दय रंगवण्यावर दलित लेखकांनी आक्षेप घेतले, ते योग्यच होते. परंतु आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. संपूर्ण कथेत बुधियाच्या वाट्याला फक्त किंकाळी आली आहे. ती एक वाक्यही बोलत नाही. ती दळण दळून, गवत कापून या दोघांना पोसत होती. त्या झोपडीत शेवटच्या रात्री तिच्या मनात काय चालले असेल? हा दहा मिनिटांचा लघुपट आज कोणीही करू शकतो. त्यासाठी कोणाच्या दारी परवानगी मागायची गरज नाही.

'ठाकूर का कुआँ' या कथेतील गंगीचेही तसेच. आजारी नवऱ्याला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून ती रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते, दार उघडल्याचा आवाज येताच घडा टाकून पळते. ही कथा १९३२ सालची. त्याच्या पाच वर्षे आधी, १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हजारो लोकांसह पाणी प्याले होते. महाडची बातमी गंगीच्या गावी पोचली असती तर? ती पळाली असती काय? हा प्रश्न पडद्यावर विचारण्याचा अधिकार आपल्याला कायद्याने दिला आहे. तो आपण वापरत नाही, हे दुर्दैव आहे.

काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. कथा मोकळी असली तरी तिचा अनुवाद मोकळा असेलच असे नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. तिच्यावरचा जुना चित्रपटही आपोआप मोकळा होत नाही. प्रेमचंदांची 'सद्गती' घ्यावी, पण सत्यजित राय यांच्या १९८१ सालच्या चित्रपटातील दृश्ये उचलू नयेत. तसेच अमेरिकेत सुटलेले पात्र भारतातही सुटलेले असते असे नाही. दोन्हीकडे वर्षे मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

हे सर्व आजच सांगण्याचे कारण आहे. अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी हलाखीत वारले. १ जानेवारी २०३० पासून त्यांचे हयातीत प्रकाशित झालेले साहित्य सर्वांचे होईल. तोपर्यंत वारसांची परवानगी घेतली पाहिजे आणि मोबदलाही दिला पाहिजे. परंतु त्या दिवशी 'फकिरा' सर्वांचा होईल, म्हणजे ज्याच्याकडे भांडवल आहे त्याचाही होईल. भुकेल्या मांग-महारांना जगवण्यासाठी धान्य लुटणारा फकिरा उद्या जात पुसलेला, घोड्यावरून धावणारा एक फिल्मी दरोडेखोर होणार नाही, याची हमी कोण देणार? कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या मोडतोडीविरुद्ध दाद मागू देते. परंतु कोर्टाची पायरी चढण्याआधी आपला फकिरा लोकांपुढे आला पाहिजे.

पैसा नाही ही सबब आता चालणार नाही. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटानेच राष्ट्रीय पुरस्कार मिळवला होता. आज चित्रण करणारा मोबाइल वस्त्यावस्त्यांतील तरुणांच्या खिशात आहे. जयंती मंडळांनी डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून लघुपटांची स्पर्धा घ्यावी. विषय ठरलेला असावा : मोकळ्या झालेल्या जुन्या कथेतील मुके पात्र. परीक्षक म्हणून वस्तीतील आया-बहिणींनाही बसवावे.

२०३० फार दूर नाही. तोवर आपल्या मुला-मुलींनी बुधिया आणि गंगीवर हात बसवून घ्यावा.