एक नाव, तीन माणसे



परवा एक गृहस्थ भेटायला आले. पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचे विचारतील असे वाटले, पण त्यांनी पिशवीतून तीन कागद काढले. सातबारावर ‘ज्ञानबा’, आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि पासबुकात ‘ज्ञानेश्वरराव’. इंग्रजी स्पेलिंग तर एकीकडे ‘डी’ने सुरू, दुसरीकडे ‘जी’ने. म्हणाले, “साहेब, वावर माहं, अंगठा माहा, अन् मशीन म्हणते हे तीन माणसं आहेत. बाकीचे दोन कुठून आणू?”

मला हसू आले. पण त्यांचा हप्ता अडकला होता. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी या योजनेचा १६ वा हप्ता देशभर सुटला तो आपल्या यवतमाळातूनच. पण कागदांचा मेळ नसेल, तर दारातून निघालेला पैसाही घरात येत नाही.

जुना तलाठी गाव ओळखत असे. ज्ञानबा म्हणजेच ज्ञानेश्वर, हे त्याला सांगावे लागत नसे. यंत्र माणूस ओळखत नाही, अक्षरे जुळवते. यात आपल्यालाच कमीपणा नको. १८६४ मध्ये इंग्रजांनी आपला जिल्हा केला तो ‘आग्नेय वऱ्हाड’ म्हणून. पुढे वणीवरून तो झाला, पण इंग्रजीत वणीचे ‘वून’ करून टाकले. १९०५ मध्ये यवतमाळ नाव आले, तेही ‘येवतमाळ’ असे लिहून! जिल्ह्याची ही गत, तर ज्ञानबाची काय कथा?

मायबहिणींचे आणखी अवघड. लग्नात तांदळावर नाव लिहिले की माहेरची कुसुम सासरी लक्ष्मी होते. एका मुलाला बँकेने ओळख पटवण्यासाठी आईचे नाव विचारले. त्याने ‘लक्ष्मी’ सांगितले. अर्जात मात्र ‘कुसुम’ लिहिलेले. स्वतःच्या आईचे नाव बरोबर सांगूनही पोरगा खोटा ठरला!

वाढदिवसाचेही तसेच. आधार काढताना ज्यांनी अंदाजे वय सांगितले, त्यांची जन्मतारीख १ जानेवारी पडली. काही घरांत आजा, आजी आणि काका एकाच दिवशी जन्मलेले आहेत.

आता कामाचे. आज रात्री जेवणे झाली की आधार, सातबारा आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवा आणि शिकणाऱ्या मुलाकडून अक्षर अन् अक्षर ताडून घ्या. सातबारावर लेखनाची चूक असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आधारवरचे नाव फक्त दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून आधी कोणते नाव कायम ठेवायचे ते घरात ठरवा, मगच केंद्रावर जा. जाताना ते मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. आणि “नाव दुरुस्त करून देतो, मोबाईलवर आलेला आकडा सांगा,” असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. तो आकडा म्हणजे तुमच्या तिजोरीची किल्ली.

हे काम लांबवू नका. आज ज्ञानबा स्वतः उभे राहून “तो मीच” असे सांगू शकतात. उद्या ते नसतील, तेव्हा हेच सिद्ध करायला त्यांच्या बायको-पोरांना खेटे घालावे लागतील.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू.